अफवा, षड्यंत्रकथा आणि बातमी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी आलेले होते. 'मुले पळवणारी टोळी फिरते आहे' असे व्हॉट्सॲप संदेश त्याआधी त्या भागात पसरले होते. १३ जुलैला आपल्या राज्यातील बिदर जिल्ह्यातही याच संशयावरून एका तरुणाचा बळी गेला. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली.

असा संदेश भीतीमुळे आणि पाठवणारा ओळखीचा असल्यामुळे खरा वाटतो. त्याला 'पोलीस हे लपवतात' अशी जोड मिळाली की षड्यंत्रकथा तयार होते. मग पोलिसांचा खुलासाही कटाचाच पुरावा ठरतो.

बातमीचे तसे नसते. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेला आपला 'तरुण भारत' घ्या किंवा दुसरे कोणतेही वृत्तपत्र. अंकावर संपादकाचे नाव असते, बातमीत ठिकाण, वार, माहितीचा आधार असतो. वृत्तपत्रही चुकते, पण तेथे जाब विचारता येतो आणि दुरुस्ती छापली जाते.

बँकेत सहीशिवाय व्हाउचर पास होत नसे. तोच नियम इथे लावावा. 'सीमाप्रश्नाचा निकाल लागला' असा संदेश आला, तर महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे हे आठवावे आणि आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहावा. तेथे नसेल, तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा.