दुर्बिणीच्या उदरशस्त्रक्रियेतील चेतारोध

चेतारोध, अर्थात नर्व्ह ब्लॉक, ही शरीराच्या एखाद्या भागाकडून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश स्थानिक भुलीच्या औषधाने काही काळ थांबविण्याची पद्धत आहे. पित्ताशय, आंत्रपुच्छ, हर्निया, गर्भाशय इत्यादींच्या दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियांनंतर पोटाच्या भिंतीतील वेदना कमी करण्यासाठी तिचा उपयोग होतो. या प्रकारांत ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस प्लेन ब्लॉक हा विशेष प्रचलित असून भूलतज्ज्ञ त्याला संक्षेपाने टॅप ब्लॉक म्हणतात. हा चेतारोध संपूर्ण भुलीला पर्याय नसून तिला पूरक असतो.

वेदनेचे स्वरूप

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साधारणतः अर्धा ते दीड सेंटिमीटर लांबीची काही छिद्रे पाडली जातात. छेद लहान असल्यामुळे वेदना नगण्य असेल, असा सर्वसामान्य समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. या शस्त्रक्रियेनंतरची वेदना तीन प्रकारची असते.

* भित्तीय वेदना : त्वचा, स्नायू आणि पर्युदराचा बाहेरील पदर यांना छिद्रांच्या जागी झालेल्या इजेमुळे उद्भवते. ही तीक्ष्ण असते आणि रुग्णाला तिची जागा बोटाने दाखविता येते.
* आंतरिक वेदना : ज्या अवयवावर शस्त्रक्रिया झाली, त्यातून निर्माण होते. ही खोल आणि अस्पष्ट असून तिच्यासोबत मळमळ होऊ शकते.
* खांद्याची वेदना : शस्त्रक्रियेसाठी जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे श्वासपटल ताणले जाते व चुरचुरते. श्वासपटलाच्या संवेदना वाहणारी फ्रेनिक चेता मानेतून निघते. खांद्याच्या त्वचेच्या चेताही मानेच्या त्याच भागातून येतात. परिणामी मेंदूला ती वेदना खांद्यातून आल्यासारखी भासते.

टॅप ब्लॉकचा परिणाम मुख्यतः पहिल्या प्रकारच्या वेदनेवर होतो. त्याचे मूल्यमापन करताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शरीररचना

पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात : बाहेरचा तिरका, आतील तिरका आणि सर्वांत आत आडवा स्नायू. शेवटच्या सहा-सात वक्षीय चेतांच्या आणि पहिल्या कटिचेतेच्या शाखा आतील तिरका व आडवा या दोन स्नायूंमधील पातळ पोकळीतून पुढे जातात. या पोकळीत औषध सोडल्यास ते पसरते आणि एकाच टोचणीत अनेक चेता बधिर होतात.

इतिहास

कार्ल कोलर यांनी इ.स. १८८४ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा वापर केला, तेव्हापासून स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. कार्ल लुडविग श्लाइश यांनी १८९९ मध्ये पोटाच्या मध्यभागी असलेल्या सरळ स्नायूच्या आवरणात औषध देण्याची पद्धत वर्णिली.

टॅप ब्लॉकचे मूळ वर्णन ए. एन. रफी यांनी २००१ मध्ये केले. कमरेजवळच्या ‘पेटीच्या त्रिकोणा’तून सुई घालताना हाताला जाणवणाऱ्या झटक्यावरून ते योग्य थर ओळखत. आयर्लंडमधील मॅकडॉनेल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या ३२ रुग्णांवर अभ्यास करून मॉर्फिनची गरज बरीच घटल्याचे दाखविले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील हेबर्ड व सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने हा ब्लॉक देण्याची रीत प्रसिद्ध केली.

भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली.

पद्धत

ब्लॉक बहुधा रुग्ण संपूर्ण भुलीखाली असतानाच, शस्त्रक्रियेच्या आरंभी वा अखेरीस दिला जातो. सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायूंचे तिन्ही थर पाहून सुईचे टोक नेमक्या पोकळीत नेतात. प्रथम थोडे द्रव सोडून थर विलग होतात का ते पाहतात व मगच उर्वरित औषध देतात. प्रत्येक बाजूला साधारण १५ ते २० मिलिलिटर द्रव लागतो. बरगड्यांखालून दिलेला ब्लॉक बेंबीच्या वरच्या भागाला, तर कुशीतून दिलेला ब्लॉक खालच्या भागाला अधिक उपयोगी पडतो. म्हणून पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पहिल्या प्रकाराला प्राधान्य मिळते.

याच कुळातील अन्य प्रकारांत क्वाड्रेटस लम्बोरम ब्लॉक आणि २०१६ मध्ये फोरेरो व सहकाऱ्यांनी वर्णिलेला इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक यांचा समावेश होतो. हे ब्लॉक पाठीच्या बाजूने दिले जातात.

औषधे आणि मात्रा

ब्युपिव्हॅकेन, लेव्होब्युपिव्हॅकेन आणि रोपिव्हॅकेन ही औषधे वापरली जातात. परिणाम काही तास टिकतो. तो लांबविण्यासाठी काही वेळा डेक्सामेथासोनची जोड देतात.

एकूण मात्रेचा हिशेब हा या उपचारातील कळीचा भाग आहे. ब्युपिव्हॅकेनची मर्यादा सामान्यतः दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम धरली, तर ६० किलो वजनाच्या रुग्णासाठी ती १२० मिलिग्रॅम होते. ०.२५ टक्के द्रावण दोन्ही बाजूंना २० मिलिलिटर दिल्यास १०० मिलिग्रॅम औषध खर्ची पडते. त्यानंतर शल्यविशारदाने छिद्रांच्या जागी ०.५ टक्के द्रावण १० मिलिलिटर टोचले, तर आणखी ५० मिलिग्रॅम भर पडून मर्यादा ओलांडली जाते. यास्तव शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांनी परस्परांना मात्रा सांगणे अनिवार्य ठरते.

धोके

अनुभवी हातांनी सोनोग्राफीच्या आधारे दिलेला टॅप ब्लॉक सुरक्षित मानला जातो. तथापि पुढील गुंतागुंती संभवतात :

* रक्तात औषधाचे प्रमाण वाढून विषबाधा होणे. तोंडाभोवती मुंग्या येणे, कानात आवाज येणे, झटके येणे व हृदयाची लय बिघडणे ही तिची लक्षणे होत. भुलीखालील रुग्णात आरंभीची लक्षणे दिसत नाहीत. उपचारासाठी २० टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देतात.
* सुई खोल जाऊन आतडे वा यकृत यांना इजा होणे.
* औषध फेमोरल चेतेपर्यंत पसरून मांडीला तात्पुरती दुर्बलता येणे. अशा वेळी रुग्ण उठताना पडू शकतो.
* रक्तस्राव व जंतुसंसर्ग.

टोचण्याच्या जागी संसर्ग असल्यास किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास हा ब्लॉक टाळतात.

उपयुक्तता आणि मतभेद

वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेण्याचे व खोकण्याचे टाळतो. त्यातून फुप्फुसात कफ साचण्याचा धोका वाढतो. दुसरीकडे, मॉर्फिनसारख्या औषधांमुळे मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठता आणि श्वसन मंदावणे हे दुष्परिणाम होतात. या औषधांची गरज कमी करणे हा चेतारोधाचा प्रमुख हेतू होय. वृद्ध, स्थूल आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांत त्याला विशेष महत्त्व आहे.

तथापि २००७ चा आयरिश अभ्यास मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेवर होता. तेथील लाभ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तेवढाच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. छिद्रांच्या जागी शल्यविशारदाने थेट औषध टोचणे ही सोपी, स्वस्त आणि जलद पद्धत असून तिच्या तुलनेत टॅप ब्लॉकचा अधिक लाभ काही अभ्यासांत अल्प, तर काहींत नगण्य आढळला आहे. त्यामुळे पॅरासिटामॉल, दाहशामक औषधे आणि छिद्रांच्या जागची भूल हा उपचाराचा पाया मानून, हे उपाय अपुरे वा निषिद्ध असतील तेथे चेतारोधाची जोड द्यावी, असा कल दिसतो.

रुग्णासाठी माहिती

ब्लॉक दिल्यानंतरही खांदा दुखणे किंवा पोटात खोल कळ जाणवणे म्हणजे ब्लॉक फसला असे नव्हे. परिणाम ओसरल्यावर वेदना वाढते आणि ती पुष्कळदा घरी गेल्यावर, रात्री वाढते. म्हणून गोळ्या वेदना सुरू होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी घ्याव्यात. मात्र वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे, ताप किंवा सततची उलटी ही शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रुग्णालयाशी तत्काळ संपर्क साधावा.

हेही पाहा

* भूलशास्त्र
* पित्ताशय
* मॉर्फिन
* श्वासपटल