फर्दापूरच्या पलीकडे रहीमसाहेब

गुडघा गेला म्हणून तुम्ही 'सर' झालात. एकेकाळचे लेफ्ट आउट, आता जळगावच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक. पावसाळ्यात काळ्या मातीत बूट रुततात, उन्हाळ्यात तीच माती तडकते, आणि पोरं चेंडू मिळाला की मान खाली घालून धावत सुटतात. पास देणं म्हणजे त्यांना उसनवारी वाटते. ओरडून काही होत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंय. मग चला मागे. १९४५ पकडा.

जळगावात मूळजी जेठा कॉलेज नुकतंच उघडलंय, तिकडे अमळनेरात प्रताप कॉलेज. तुम्ही मोटारीत बसता. नेरी, पहूर, वाकोद मागे पडतं आणि फर्दापूरला राज्यच बदलतं. इथून निजामाचा मुलूख. इंग्रजी रुपया मोडून हाली शिक्का घ्या. अजिंठ्याची लेणी आज राहू द्या. औरंगाबादला मीटरगेजच्या गाडीत बसायचं, परभणी, नांदेड करत काचीगुड्याला उतरायचं.

तिथे तुम्हाला सय्यद अब्दुल रहीम भेटतात. ऐन पस्तिशीतले, उस्मानिया विद्यापीठाकडून खेळलेले, पेशाने शाळामास्तर. १९४३ पासून हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव. तुमच्यासारखेच हेही मैदानातून कडेच्या रेषेवर आलेले. फरक एवढाच की हे ओरडत नाहीत, नियम बदलतात. यांनी भरवलेल्या काही स्पर्धांत ड्रिब्लिंगलाच बंदी. चेंडू आला की दुसऱ्याला द्यायचा, विषय संपला. काही सामने फक्त कच्च्या पायाने खेळायचे. ज्याचा डावा कच्चा, त्याने डाव्यानेच मारायचं. तुम्ही खिशातली वही काढता. याला ना पैसे लागत, ना साहित्य, ना प्राचार्यांची सही.

आता पुढे सरका. मुंबई, १९५४, कूपरेज. रहीमसाहेबांचा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ रोव्हर्स कप जिंकतो, १९५० पासून ओळीने पाचव्यांदा. पण कपापेक्षा मला बलरामची गोष्ट मोठी वाटते. सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुड्याचा हा गरीब पोरगा सरावाला येऊ शकत नव्हता, कारण भाड्याच्या सायकलीलाही पैसे नव्हते. रहीमसाहेब त्याला रोजचा एक रुपया देऊ लागले. १९५६ ला तुळशीदास बलराम मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये होता आणि भारत चौथा आला. यावल-चोपड्याकडून एसटीने येणारी, शेवटच्या गाडीसाठी सराव अर्धा टाकून पळणारी तुमची पोरं इथे आठवली नाहीत तरच नवल.

सगळं गोड नाही हं. वाटेत १९५२ चं हेलसिंकी लागतं. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी, समोर युगोस्लाव्हिया. १-१०. भारताचे प्रशिक्षकही रहीमसाहेबच, त्यांच्याच संघाचा हा निकाल. मागे फिरायचं असेल तर इथूनच फिरा.

नाही फिरलात? मग ४ सप्टेंबर १९६२, जाकार्ता. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. लाखभर प्रेक्षक आणि ते भारताच्या नावाने शंख करताहेत, कारण इस्रायल आणि तैवानला वगळल्यावर आपले क्रीडा पदाधिकारी सोंधी यांनी घेतलेली हरकत यजमानांना झोंबलीय. समोर दक्षिण कोरिया. गटात याच संघाने आपल्याला २-० असं हरवलंय. बचावपटू जर्नैल सिंग डोक्याला टाके घेऊन उभा. दुसऱ्या कोणी त्याला बाकावर बसवला असता. रहीमसाहेबांनी उपांत्य सामन्यापासूनच त्याला पुढे सेंटर फॉरवर्डला काढलंय. टाके पडलेल्या माणसाकडून गोल करून घ्यायचा हा हिशेब धाडसाचा आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो थोडा निर्दयही वाटतो. पण पी. के. बॅनर्जींच्या गोलनंतर लगेच जर्नैल दुसरा मारतो. २-१, सुवर्ण. हे सगळं करताना रहीमसाहेबांना कर्करोग झालेला आहे. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

परत येताना सरळ घरी येऊ नका. १५ ऑगस्ट १९९० ला उतरा. जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होतंय. कुलगुरू, इमारती, परीक्षा यांवर लोक बोलतील. तुम्ही संघाचा विचार करा. आजवर खानदेशातल्या पोराला विद्यापीठाची जर्सी हवी असेल तर पुणे विद्यापीठाच्या निवड चाचणीत पुण्या-नगर-नाशिकच्या पोरांना मागे टाकावं लागे. आता विद्यापीठ आपलं, अकरा जागा आपल्या. त्यावर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत जाऊन खेळायचं.

आणि लगेच दुसरा घोळ. धुळ्याचा पोरगा जळगावच्याला पास देत नाही. जळगावचा धुळेकराला देतो, पण अशा जागी की तो पोचूच नये. निवड समितीवाले तुमच्याकडे बघतात, "काय करायचं सर?" तुम्ही वही उघडता. संघ मिसळून पाडता आणि शिट्टी वाजवायच्या आधी सांगता: आज ड्रिब्लिंग बंद, ज्याने पायात चेंडू धरून ठेवला त्याच्या विरुद्ध फ्री किक. पहिल्या पाच मिनिटांत नुसत्या फ्री किकाच होतात. धुळ्याचा सेंटर हाफ चिडून विचारतो, "सर, मंग खेळू कसा?" तुम्ही जळगावच्या लेफ्ट आउटकडे बोट दाखवता.