नारायण विनायक जगताप कोण होते?

१/ १९७४. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक: नारायण विनायक जगताप. या नावाचा लेखक मात्र अस्तित्वातच नव्हता.

२/ आद्याक्षरे पाहा: ना. वि. ज. ती उलट वाचली, की जयंत विष्णू नारळीकर! केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडणारे नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते.

३/ मग टोपणनाव कशासाठी? कीर्तीमुळे परीक्षकांचे मत झुकू नये, एवढ्याचसाठी. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली.

४/ गुरू हॉईल स्वतः विज्ञानकादंबरीकार होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ची. मराठीतही भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मुलांच्या हाती दिल्या होत्या. वाचक होते, पण ‘हे साहित्य आहे का?’ हा प्रश्न शिल्लक होता.

५/ १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. २०२१मध्ये नाशिकच्या ९४व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच आले.

६/ विज्ञानकथेच्या चाहत्यांना ‘हे काय वाचता?’ असे आजही ऐकावे लागते. जगतापांच्या कथेने त्याचे उत्तर १९७४मध्येच दिले होते: शास्त्रज्ञाचे नाव काढून घेतले, तरी कथा जिंकली.