जुना बेंच-व्हाइस : ओळख व जीर्णोद्धार

कारखान्यातील मेजाच्या कडेला बोल्टांनी जखडलेला, एक जबडा स्थिर व दुसरा स्क्रूच्या फिरकीने पुढेमागे सरकणारा, आणि कानस वा करवत चालत असता कामाचा तुकडा तसूभरही हलू न देणारा जो शिकंजा, त्यास बेंच-व्हाइस म्हणतात. त्यापूर्वीचे लोहारी शिकंजे घडीव लोखंडाचे असत व त्यांचा एक पाय जमिनीस टेके, त्यामुळे घणाचा आघात परस्पर भूमीत उतरे. बिडाच्या ओतीव व्हाइसला हे सुख नाही, आणि घणाखाली तडकणे हा त्याचा जातिस्वभावच होय.

निर्मात्याचे नाव बहुधा अंगावरच ओतलेले असते. शेफील्डचा रेकॉर्ड, शिप्लीचा पार्किन्सन, अमेरिकेतील ईरीचा रीड व मेरिडनचा पार्कर ही नावे रंगाची पुटे तारेच्या ब्रशाने खरवडताच वर येतात. वय ठरविणे मात्र अवघड. त्या बाबतीत विल्टनचा दाखला बोधप्रद आहे. चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या ह्यू व्होगल यांनी १९४१ साली शिकागोत स्थापिलेल्या या कारखान्याच्या प्रसिद्ध नमुन्यात स्क्रू एका बंद नळकांड्यात असून, बंदुकीच्या गोळीसारख्या त्या आकारामुळे आट्यांत कीस व धूळ शिरत नाही. पुढचा जबडा पूर्ण उलगडून बाहेर काढला, तर सरकत्या भागाच्या तळाशी महिना व वर्ष ठोकलेले आढळते. येथे नवखा फसतो : त्या आकड्यांपाशी हमीची मुदत संपल्याचा मजकूर असेल, तर ती जन्मतिथी नव्हे, हमी पाच वर्षांची असल्याने तितकी वर्षे वजा करावी लागतात. १९५७ मध्ये कारखाना शिलर पार्क येथे गेला, म्हणून ओतकामात शिकागोचे नाव असणे हा सामान्यतः जुनेपणाचा पुरावा मानतात.

खरेदीपूर्वी मडके वाजवून पाहावे तसा जबडा लहान हातोडीने वाजवून पाहावा; बद्द आवाज चिरेची शंका उत्पन्न करतो, आणि रंगाखाली पिवळी रेघ दिसली तर कोणी पितळेने डाग दिलेला आहे असे समजावे. दांडी वाकलेली असणे ही नळी घालून पिळल्याची कबुलीच. स्क्रू उलट फिरविताना जबडा हलण्यापूर्वी दांडी बरीच मोकळी फिरली, तर नटाचे आटे झिजले आहेत.

अडकलेले भाग हातोड्याने सोडवू नयेत. भेदक तेल घालून रात्रभर स्वस्थ बसावे. गंजासाठी धुण्याच्या सोड्याचे पाणी व बॅटरी-चार्जर यांचा विद्युत्-उपाय उत्तम : व्हाइस ऋण टोकास व भंगार लोखंडाची पट्टी धन टोकास जोडावी, पात्र उघड्या हवेत ठेवावे, कारण हायड्रोजन सुटतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची कदापि नसावी. तीतील क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. बाहेर काढलेला भाग तत्काळ धुऊन, तापवून कोरडा करावा व तेल लावावे, एरवी घटकाभरात नवा तांबूस गंज चढतो.

चिरलेल्या बिडाची जोडणी कुशल कारागिराखेरीज कोणी करू नये, आणि केल्यावरही त्या व्हाइसकडून पूर्वीचे काम मागू नये. जबड्यांच्या पोलादी पट्ट्यांचे दात झिजले असल्यास पट्ट्या बदलाव्यात. मागील ऐरणीवरचे घाव घासून सपाट करण्याची हौस, प्रस्तुत लेखकाच्या मते, नाहक आहे. शेवटी स्क्रूला ग्रीस व बाह्यांगास रंग द्यावा. तळाच्या आकड्यांवर मात्र ब्रश फिरवू नये, तेथे तेलाचे बोट पुरे.