डुक्कर, घर आणि चूल : चीनमधील ग्रामीण बायोगॅसचा इतिहास

कुजणाऱ्या पदार्थांपासून मिळणाऱ्या ज्वलनशील वायूचा इतिहास बहुधा शोधकांच्या नामावळीने सुरू केला जातो. १७७६ साली व्होल्टाने इटलीतील माज्जोरे सरोवराच्या गाळातून निघणारा वायू पेटवून पाहिला. १८०८ साली हम्फ्री डेव्हीने शेणखतातून निघणाऱ्या वायूत मिथेन असल्याचे दाखविले. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्याच्या टाकीतील वायू वापरात आला. ही नामावळी यथार्थ आहे. परंतु तिच्यातून एका मूलभूत प्रश्नाचा उलगडा होत नाही. तत्त्व सर्वत्र एकच असता हा वायू लक्षावधी खेडुतांच्या चुलीपर्यंत प्रथम चीनमध्येच का पोहोचला, आणि पुढे तेथेच तो चुलीपासून दुरावला का? याचे उत्तर रसायनशास्त्रापेक्षा डुक्कर आणि घर यांच्या परस्परसंबंधांत अधिक सापडते.

चिनी लिपीत 'घर' या अर्थाच्या चिन्हात छपराखाली डुक्कर दाखविलेले आहे. हान राजवटीच्या काळातील थडग्यांतून सापडलेल्या मृण्मय प्रतिकृतींत वराहगृह आणि त्याला जोडलेले शौचकूप एकाच वास्तूत दिसतात. डुकराचे महत्त्व मांसाइतकेच खतामुळेही होते. भारतात शेणाच्या गोवऱ्या थापून जाळण्याची चाल असल्यामुळे खत आणि जळण हे दोन उपयोग एकमेकांच्या आड येत. चीनमध्ये डुकराची विष्ठा खड्ड्यात मुरवून शेतात घातली जाई, आणि चुलीत मुख्यतः पिकांचे काड जळे. म्हणजे विष्ठा एकत्र करण्याची व्यवस्था संयंत्र येण्यापूर्वीच सिद्ध होती. उणीव होती ती जळणाची.

या उणिवेचा पहिला व्यापारी विचार लुओ ग्वोरुई याने केला. १९२० नंतरच्या दशकात दक्षिण चीनमध्ये त्याने सुमारे ८ घनमीटरांची टाकी तयार केली आणि १९२९ साली शांतोउ येथे या वायूवरील दिव्यांसाठी व्यवसायसंस्था काढली. पुढे तिचे कार्य शांघायला गेले. परदेशी रॉकेलला पर्याय हे या उद्योगाचे आकर्षण होते. मात्र त्याचा ग्राहक सुस्थितीतील गृहस्थ होता, सामान्य कुळवाडी नव्हे. जपानशी युद्ध पेटल्यावर हा उपक्रम ओसरला.

दुसरे पर्व राज्यसत्तेने घडविले. १९५८ साली माओ त्से-तुंगने वूहानच्या भेटीत या वायूच्या प्रसाराचा पुरस्कार केला; १९५९ साली त्याने डुकराला सेंद्रिय खताच्या लहान कारखान्याची उपमा दिली. 'महान झेप' या मोहिमेच्या घाईत बांधलेल्या टाक्या फार काळ टिकल्या नाहीत. खरी लाट १९७० नंतर सिचुआन प्रांतात उसळली. दाट वस्ती, जळणाची टंचाई, उष्ण हवामान आणि घरोघरी डुकरे या चारही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

या संयंत्राची रचना परिस्थितीतूनच आकारास आली. भारतात जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने प्रसारित केलेल्या नमुन्यात लोखंडी टोपी वायूबरोबर वर उचलली जाई. त्यामुळे दाब स्थिर राही, पण लोखंड महाग पडे आणि गंजे. चिनी टाकी चुना, वाळू, माती, वीट वा दगड यांची, जमिनीखाली, स्थिर घुमटाची होती. वायू साचला की तो आतील काल्यास बाजूच्या कुंडात ढकली आणि त्या काल्याच्या वजनाने वायूवर दाब येई. पोलादाऐवजी श्रम वापरणारी ही योजना होती. तिचे वैगुण्यही त्यातच होते : घुमटास केसाएवढी चीर पडली तरी वायू निसटे.

शौचकूप, वराहगृह आणि टाकी यांचा संयोग हे या पद्धतीचे मर्म होय. एका प्रौढ डुकरापासून दिवसाकाठी स्थूलमानाने ०.२ घनमीटर वायू मिळतो आणि पाच माणसांच्या स्वयंपाकास १ ते १.५ घनमीटर लागतो. दोन-तीन डुकरे पाळणाऱ्या घरास मनुष्यमळ व काड यांची जोड देणे भाग होते. शिवाय डुकराच्या विष्ठेत कर्बाच्या मानाने नत्र अधिक. काडामुळे हे प्रमाण जीवाणूंना मानवेल असे होई. टाकीत दीर्घकाळ राहिल्याने कृमींची बरीचशी अंडी नष्ट होत, हा आरोग्यदृष्ट्या मोठा लाभ होता.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस टाक्यांची संख्या सुमारे ७० लक्ष सांगितली जाई. तथापि ही संख्या बांधलेल्या टाक्यांची होती, चालणाऱ्यांची नव्हे. उद्दिष्टपूर्तीच्या घाईत अनेक टाक्या गळक्या निघाल्या. गवंडी होते, पण दुरुस्ती जाणणारा माणूस नव्हता. १९७९ साली चेंगडू येथे संशोधन संस्था स्थापन झाली आणि पुढे प्रमाणित आराखडे आले, ते या अनुभवानंतर. याच सुमारास ही विद्या भारतात आली. उत्तर प्रदेशातील अजीतमल येथे १९७८ साली सिद्ध झालेला 'जनता' नमुना चिनी घुमटावर आधारलेला होता आणि १९८४ चा 'दीनबंधु' ही त्याचीच सुधारित आवृत्ती. घुमट सीमा ओलांडून आला. डुक्कर व शौचकूप यांचा संयोग आला नाही. भारतीय टाकीत शेणच राहिले, आणि शेणासाठी गुरे हवीत म्हणून तिचा लाभ मुख्यतः गुरे बाळगणाऱ्यालाच झाला.

चीनमध्ये २००३ पासून शासकीय अर्थसाहाय्याने घरगुती टाक्या पुन्हा वाढल्या आणि २०१५ च्या सुमारास त्यांची संख्या चार कोटींच्या घरात गेली. परंतु तोवर घरच बदलले होते. तरुण शहरांकडे गेले, विजेची व बाटलीतील वायूची सोय झाली, आणि परसातील डुक्कर नाहीसे होऊन मोठ्या वराहपालन केंद्रांत गेले. २०१८ साली आलेल्या आफ्रिकी वराहज्वराने लहान पाळणाऱ्यांची उरलीसुरली उमेदही खचविली. खाद्याविना कित्येक टाक्या रिकाम्या पडल्या.

मोठ्या केंद्रांपुढील प्रश्न नेमका उलटा आहे. विष्ठा विपुल आहे, पण तिचा पचलेला काला सामावून घेणारी जमीन जवळ नाही. २०१४ पासून लागू झालेल्या प्रदूषणविषयक नियमांमुळे तेथे संयंत्र प्रथमतः मैल्याच्या विल्हेवाटीचे साधन ठरते; वीज आणि उष्णता हे त्याचे उपफल होय. एके काळी जो वायू घरच्या स्त्रीचा धूर आणि सरपणाचे कष्ट वाचवीत होता, तो आता उद्योगाच्या जमाखर्चातील बाब झाला आहे.

म्हणून या इतिहासाचे मोजमाप टाक्यांच्या गणतीने करणे अपुरे ठरते. टाकीत रोज कोण काय घालतो, ती बिघडल्यास कोण दुरुस्त करतो आणि ज्योत कोणाच्या चुलीत पेटते, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की तंत्र तेच राहूनही त्याचा अर्थ बदलतो. सिचुआनमधील निकामी घुमट हे तंत्राच्या पराभवाचे स्मारक नसून, ज्या कुटुंबव्यवस्थेवर ते तंत्र उभे होते तिच्या विलयाचे साक्षीदार आहेत.