चुलालाँगकोर्न

चुलालाँगकोर्न : (२० सप्टेंबर १८५३–२३ ऑक्टोबर १९१०). सयामचा (आधुनिक थायलंड) चक्री वंशातील पाचवा राजा (कार. १८६८–१९१०). पाचवा राम या नावानेही प्रसिद्ध. त्याचा पिता मोंगकुट हा राणी व्हिक्टोरिया व अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष यांच्याशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करी. या परंपरेस चुलालाँगकोर्नने प्रत्यक्ष प्रवासाची जोड दिली. १८७१ मध्ये त्याने सिंगापूर व जावा यांना आणि १८७१–७२ मध्ये कलकत्ता, दिल्ली, मुंबई इ. शहरांना भेटी देऊन वसाहतींचा राज्यकारभार पाहिला.

१८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका बँकॉकपर्यंत आल्या आणि मेकाँगच्या डाव्या तीरावरील प्रदेश सयामला सोडावा लागला. १८९७ मध्ये राणी साओवाभा हिला राजप्रतिनिधी नेमून तो यूरोपला गेला. रशियाचा झार दुसरा निकोलस युवराज असताना १८९१ मध्ये सयामला येऊन गेला होता. या स्नेहामुळे रशियात त्याचे सन्मानपूर्वक स्वागत झाले. १९०७ च्या यूरोप-प्रवासात कन्येला लिहिलेली त्याची पत्रे क्लाय बान (घरापासून दूर) या ग्रंथात संगृहीत आहेत.

या भेटींमुळे प्रतिष्ठा लाभली. तथापि प्रदेश वाचला नाही. १९०७ मध्ये बट्टंबांग व सिएम रीप फ्रान्सला, तर १९०९ मध्ये केदा, केलांतन, त्रेंगानू व पर्लिस यांवरील हक्क ब्रिटनला द्यावे लागले. मोबदल्यात परकीयांचे न्यायविषयक विशेषाधिकार काहीसे संकुचित झाले. ब्रिटिश व फ्रेंच वसाहतींमध्ये तटस्थ राज्य असावे, ही त्या सत्तांची गरज १८९६ च्या करारात व्यक्त झालीच होती. तिचा कुशलतेने उपयोग करून चुलालाँगकोर्नने सयामचे स्वातंत्र्य राखले.