दीडशे डॉलरची चिप आणि ४५० मेगाहर्ट्झचा जुगार

१/ २४ ऑगस्ट १९९८. इंटेलने एकाच दिवशी जाहीर केलेल्या प्रोसेसरांपैकी दोन: ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू, घाऊक किंमत ६६९ डॉलर, आणि ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए, केवळ १४९ डॉलर. स्वहस्ते गेमिंग संगणक जुळवणाऱ्यांनी मोर्चा वळवला तो स्वस्त चिपकडे.

२/ एप्रिलमधील पहिल्या सेलेरॉनला एल-टू कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असणारी वेगवान स्मृती, मुळीच नव्हती. त्याची यथेच्छ टवाळी झाली. ३००ए मध्ये ती आली. १२८ केबीच, पण चिपच्या पोटात आणि पूर्ण वेगाची. पेंटियम टूची ५१२ केबी कॅश चिपबाहेर, निम्म्या वेगाने चाले.

३/ चिपचा गुणक ४.५ हा कारखान्यातच कुलूपबंद होता. बसचा वेग मात्र मदरबोर्ड ठरवी. ६६ गुणिले ४.५ म्हणजे ३००. १०० गुणिले ४.५ म्हणजे ४५०! म्हणून खरी निवड मदरबोर्डची होती. ४४०बीएक्स चिपसेटचा अबिट बीएच६ अनेकांचा लाडका, कारण त्यात जंपर न हलवता बायोसमधूनच बस बदलता येई. जोडीला पीसी-१०० रॅम हवीच.

४/ धोका होताच. वॉरंटीवर पाणी सोडावे लागे, आणि हाती आलेली चिप ४५० वर टिकेल की नाही, हे पैसे मोजल्यावरच कळे. टिकली, तर वाचलेली रक्कम थ्रीडीएफएक्सच्या वूडू टू कार्डासाठी मोकळी होई. (तेही हट्टी: फक्त त्रिमितीय चित्रे काढणार, एरवीच्या कामाला दुसरे कार्ड हवेच.)

५/ नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ’ आला, तेव्हा कित्येक घरांत ३०० छापलेली चिप ४५० वर धावत होती.